बाबांनी बांधलेली गाडी काय म्हणून विकायची?

पत्राचा सारांश: बाणेरला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका पस्तिशीतल्या वाचकाचं हे पत्र आहे. वडिलांचा भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचा छोटा धंदा होता. दीड वर्षापूर्वी ते गेले. गाळ्यात मागे राहिली एक लाल, उघडी, दोन माणसांची गाडी: १९५०च्या सुमाराच्या 'एमजी टीडी' या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची प्रतिकृती. १९९३च्या मारुती जिप्सीची चेसिस आणि इंजिन घेऊन, वर फायबरची बॉडी चढवून, वडिलांनी ती २०१४ ते २०१९ अशी सुट्टीच्या दिवशी खपून बांधली. पुढच्या जाळीवर एमजीचा अष्टकोनी बिल्लाही लावला. आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि तिची मुदत २०१८मध्ये संपली आहे. आता गाळा सोडायचाय. एक दलाल म्हणतो, "प्रतिकृती म्हणून चार लाख येतील. '१९५२ची एमजी' म्हणून टाकली तर परगावची एक पार्टी चौदा द्यायला तयार आहे. आपण खोटं बोलायचं नाही, विचारलं तरच सांगायचं." वाचक विचारतात, "गप्प राहणं ही फसवणूक होते का? आणि पैशांइतकंच हेही आहे, की बाबांच्या गाडीला 'नकली' म्हणायला जीभ रेटत नाही. नाशिकची बहीण म्हणते, तू बघ. आई म्हणते, तुला काय करायचं ते कर. मी काय करू?"

नमस्कार.

आधी दलालाचं वाक्य निकालात काढू, कारण पत्रभर तुम्ही त्याच्याशीच झटापट करताय. 'विचारलं तरच सांगायचं' हे पटण्यासारखं वाटतं, कारण त्याला कायद्याचा अर्धा आधार आहे. आपल्याकडचा करार कायदा १८७२चा. नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे, असं त्याच्या कलम १७च्या स्पष्टीकरणात खरोखरच म्हटलंय. मात्र पुढे लगेच जोडलंय, की जिथे बोलणं हे कर्तव्य असतं किंवा गप्प राहणं हेच बोलल्यासारखं ठरतं, तिथे ही सूट नाही. दलालांना पहिला अर्धा भाग तोंडपाठ असतो.

आणि तुमच्या बाबतीत गप्प राहिलंय कोण? जाहिरातीत '१९५२ची एमजी' असं टाकलं, की बोलून झालं. माल विक्री कायदा १९३०चा. त्याच्या कलम १५नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असावी लागते. फौजदारी बाजू पाहिली, तर जुन्या ४२०च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलंय, आणि अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणं हीसुद्धा फसवणूकच, असं तिथे लिहिलेलं आहे. थोडक्यात, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. ते तुम्हालाही ठाऊक असावं. नाहीतर पत्र लिहायची वेळ आली नसती.

नीतीची बाजू बाजूला ठेवली, तरी हा बनाव टिकणार नाही. ही पार्टी चौदा लाख टाकणार आहे, ती बॉनेट उघडणारच. खऱ्या टीडीत १२५० सीसीचं इंजिन आणि त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. बाबांच्या गाडीत जिप्सीचं ९७० सीसीचं इंजिन आहे. एखादा जुना मेकॅनिक ते ओळखायला एक मिनिटही घेणार नाही. पार्टीला त्यातलं काही कळत नाही असं समजू, तरी पुढची पायरी आहेच. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी त्यात बसते, तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. '१९५२ची एमजी' हौसेनं घेतलेला माणूस आज ना उद्या तो नंबर मागायला जाणार. तिथे चेसिस नंबर तपासला जाईल आणि त्यातून १९९३ची मारुती निघेल. मग तो माणूस त्याच्या गावातल्या कोर्टात तुमच्यावर दावा लावेल आणि तुम्ही हिंजवडीतून सुट्ट्या टाकून तारखांना जाल. दलालाचं कमिशन तोवर खर्चून झालेलं असेल.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. जिप्सीचं कारखान्यातलं मॉडेल नाव 'एमजी ४१०' असं होतं. तुमच्या आरसीवरही बहुधा तसंच छापलेलं असेल. तो दलाल एक दिवस बोट ठेवून म्हणेल, "हे बघा, कागदावरसुद्धा एमजीच आहे!" हसा आणि आरसी त्याच्या हातातून परत घ्या.

आता तुमच्या पत्रातल्या मला जास्त महत्त्वाच्या वाटलेल्या भागाकडे येते. बाबांच्या गाडीला 'नकली' म्हणायचं कसं, हा तुमचा सल. तुम्ही असं धरून चाललाय, की एमजी म्हणून विकली तर बाबांचा मान राहतो आणि प्रतिकृती म्हणून विकली तर जातो. मला हे नेमकं उलटं दिसतं. १९५२ची एमजी म्हणून ती विकली गेली, तर ती कुणी बांधली? इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातल्या कामगारांनी. टीडी तिथे १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत बनली, जवळजवळ तीस हजार, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. तीस हजारांतली अजून एक म्हणून तुमच्या बाबांचं काम खपेल आणि त्यांच्या पाच वर्षांचा कुठे उल्लेखही राहणार नाही. चौदा लाखांच्या त्या सौद्यात सगळ्यात आधी बाबांचं नाव पुसावं लागतं.

त्यांनी जिप्सीच का निवडली असेल, याचा कधी विचार केलात? भोसरीत आणि नाना पेठेत जिप्सीचे पार्ट सहज मिळतात म्हणून, असं कुणीही म्हणेल. पण मोजमापं बघा. टीडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९४ इंच, म्हणजे २३८८ मिलिमीटर. जिप्सीचं २३७५. फरक १३ मिलिमीटरचा, अर्धा इंच. अंतर इतकं जुळलं, की लांब बॉनेट, मागे ढकललेली बैठक, दारामागची आखूड शेपटी हे सगळं प्रमाणात बसतं. नाहीतर प्रतिकृती लांबूनच बेढब दिसते. शिवाय जिप्सीला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते, मूळ टीडीलाही होती. मारुती ८००, पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर घेऊन छप्पर कापलं असतं, तर तिथे बॉडी हाच गाडीचा सांगाडा असल्यानं गाडी मधोमध लवायला लागली असती. जिप्सीची जुनी बॉडी उतरवून नवी चढवली, तरी खालचा कणा शाबूत राहतो. तुमचे बाबा फॅब्रिकेशनमधले, त्यांना हे सांगावं लागलं नसणार. म्हणजे त्यांना नकलेचा नुसता शौक नव्हता. मोजून, तोलून, योग्य चेसिस शोधून त्यांनी हे काम केलंय.

मूळ टीडीची बॉडी ॲश लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून बनवायचे. बाबांनी फायबर वापरलं, म्हणजे आधी साचा बनवला असणार. तो साचा कुठे आहे? त्यांची वही, कागदावरची मापं, फायबर-रेझिनची बिलं, अर्धवट गाडीचे फोटो? गाळा रिकामा करताना हे भंगारात जाऊ देऊ नका. याला भावनेपलीकडचं कारणही आहे: प्रतिकृती घेणारा जाणकार याच गोष्टींचे पैसे देतो.

कारण असा गिऱ्हाईक असतो. जगभर प्रतिकृती प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. साठच्या दशकातल्या एसी कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या मूळ गाड्या हजारभर, तिच्या प्रतिकृती मात्र त्याच्या कित्येक पट. अमेरिकेत तर तुमच्याच या टीडीची फायबर बॉडी फोक्सवॅगन बीटलच्या तळावर चढवून विकायचे. पुढे रेडिएटरची ऐटदार जाळी आणि इंजिन मागे डिकीत. बाबांनी निदान इंजिन तरी योग्य जागी ठेवलं! लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे हक्क १९७३ साली केटरहॅम या कंपनीनं घेतले आणि ती त्याच वळणाच्या गाड्या आजही बनवते. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं त्याच घाटाची रोडस्टर बनवली. अमेरिकेनं २०१५ साली छोट्या उत्पादकांसाठी खास कायदाच केला: निदान २५ वर्षं जुन्या गाडीची प्रतिकृती वर्षाला ३२५पर्यंत बनवा, पण ती प्रतिकृती आहे हे गाडीवर कायमचं नोंदवा. म्हणजे व्यवहाराला हरकत नाही, अंधारात ठेवण्याला आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, चला, खरं सांगून चार लाखांना विकू आणि मोकळे होऊ. तसं होणार नाही, आणि हे तुम्हाला दलालानं सांगायला हवं होतं. तुमची खरी अडचण एमजी की जिप्सी ही नाहीच. ही गाडी आज कुठल्याच नावानं रस्त्यावर नेता येत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी पक्कं केलं. बाहेरचा रंग बदलण्यासारखे किरकोळ बदल चालतात, गाडीची रचना बदललेली चालत नाही. जिप्सीची बॉडी काढून दोन माणसांची उघडी बॉडी बसवणं हे रंग बदलण्यात मोडत नाही. बाबांना हे माहीत होतं की नव्हतं, याची आता चिकित्सा नको. पुण्याच्या औद्योगिक भागातल्या गाळ्यांमध्ये असले उद्योग करणारे हौशी लोक कमी नाहीत, आणि बहुतेकांना वाटतं की 'नंतर पासिंग करून घेऊ'. नंतर ते होत नाही. आरसीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथल्या निरीक्षकाच्या कागदावर जिप्सी असेल आणि समोर लाल दोन सीटर उभी असेल. गाड्या तपासून मान्यता देणारी एआरएआय ही संस्था कोथरूडच्या टेकडीवरच आहे, तिथून मान्यता घेऊ, असं कुणी सुचवलं, तर तो रस्ता गाड्या बनवून विकणाऱ्यांसाठी आहे. एकुलत्या एका घरगुती गाडीला तो परवडत नाही.

म्हणून तुमच्यापुढे मुख्य पर्याय दोन उरतात: ठेवायची, किंवा रस्त्यावर न चालणारी शोभेची वस्तू म्हणून विकायची.

ठेवण्याबद्दल एक निरीक्षण सांगते, राग मानू नका. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, की ही गाडी तुम्हाला आवडते. बाबांना आवडायची, आईला काहीतरी वाटतं, दलाल असं म्हणतो. तुमचं स्वतःचं मत सापडत नाही. आवडत नसेल तर तो गुन्हा नाही. वडिलांचा छंद वारसाहक्कानं येत नाही. पण मग केवळ अपराधी वाटतं म्हणून बाणेरच्या सोसायटीत दोन पार्किंगच्या मधे ती कुजवू नका. उभ्या गाडीची वाट फार लवकर लागते. वायरिंग उंदीर खातात, टायर एका जागी बसतात, जुने रबरी पाइप आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं फुगतात. फायबर तेवढं टिकतं, आणि त्यामुळे वरून सगळं ठीक दिसत राहतं.

विकायची ठरली, तर आधी कागद. बाबा गेल्यावर गाडी आपोआप तुमची होत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आरसी, आणि इतर वारसांची लेखी ना-हरकत लागते. तुमच्या घरात म्हणजे आई आणि बहीण. मुदत खरं तर तीन महिन्यांची असते. तुम्हाला दीड वर्ष झालंय, तेव्हा उशिराचा भुर्दंड पडेल, तो भरा. 'तू बघ' हे फोनवरचं वाक्य ना-हरकत होत नाही. बहिणीला गाडीत रस नसेलही, पण चौदा लाखांचा आकडा तिच्या कानावर घातलाय का? नसेल तर घाला, आणि तो का सोडतोय हेही सांगा. चार वर्षांनी एखाद्या लग्नात तिला तो आकडा तिसऱ्याच कुणाकडून कळण्यापेक्षा हे बरं.

नाव चढवताना मुदत संपलेल्या आरसीचा आणि बदललेल्या बॉडीचा मुद्दा निघणारच. तो एजंटमार्फत 'मॅनेज' करू नका. संगम पुलाजवळच्या आरटीओत स्वतः जा, गाडीची हकीकत आहे तशी लिहून अर्ज करा, आणि ही गाडी रस्त्यावरच्या वापरातून कायमची काढायची असल्यानं नोंदणी रद्द करायची आहे असं सांगा. कायद्याच्या कलम ५५मध्ये नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. तुमच्या गाडीला ती कशी लागू करायची ते अधिकारी ठरवतील. चेसिसवर कोरलेला नंबर कापून जमा करायला सांगितला, तर वाईट वाटेल, पण द्या. जुन्या जिप्सीचे जिवंत कागद हवे असणारे लोक बाजारात असतात, आणि त्यांना ते कशाला हवे असतात ते न विचारलेलं बरं. मात्र गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात नेऊ नका. तिथे नोंदणीबरोबर गाडीही जाते.

हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. आरसी तशीच ठेवून, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं आणि गाडी गेली, असं करणारे खूप आहेत. यात एक धोका आहे, आणि तो कुठलीही जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला आहे. नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. विकलेली गाडी चौथ्या माणसाच्या हातात असताना अपघात झाला, तरी भरपाईची नोटीस नोंदणीतल्या मालकाच्या घरी येते. तुमच्या गाडीला विमा नाही. ती नोटीस बाबांच्या नावानं येईल आणि दार आई उघडेल.

किमतीबद्दल: चार लाख हाही त्याच दलालाचा आकडा आहे, तोही पवित्र मानू नका. चौदा मोठे वाटावेत म्हणून चार लहान सांगितले असतील, किंवा रस्त्यावर चालेल असं गृहीत धरून फुगवलेही असतील. अशा वस्तूला ठरलेला बाजारभाव नसतो. मुळशी-पानशेतकडचे रिसॉर्टवाले, कार्यालयं आणि लॉन्सचे मालक, मालिका-सिनेमांचे कला विभाग, अंगणात काहीतरी देखणं उभं करायची हौस असलेले लोक यांना दाखवा. लग्नांच्या धंद्यातला माणूस म्हणेल, "वरातीला काढू, दोन सीझनमध्ये वसूल." त्याला तिथेच थांबवा. नोंदणी नसलेली गाडी भाड्यानं, तीही नवरा-नवरीला बसवून रस्त्यावर फिरवायची, या कल्पनेत तुम्ही पडू नका. लॉनच्या आत फोटोपुरती उभी राहणार असेल, तर ठीक.

अजून एक पर्याय तुमच्या मनात आलेला नसावा. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही. चेसिस, साचा, वही आणि बिलांसकट ही गाडी एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपला दिली, तर मुलांना उघडून बघायला ती फार उपयोगी पडेल. पैसे मिळणार नाहीत, किंवा नाममात्र मिळतील. तुम्हाला गरज नसेल तरच हा विचार करा. त्यागाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही.

आता आई. 'तुला काय करायचं ते कर' याला होकार समजणारी मुलं आपल्याकडे घरोघर आहेत. पाच वर्षांच्या सुट्ट्या त्या माणसानं गाळ्यात घालवल्या, म्हणजे आईनं त्या एकटीनं घालवल्या. तिला ती गाडी बाबांची आठवण म्हणून हवी असेल, किंवा सवतीसारखी डोळ्यांसमोर नको असेल. दोन्ही शक्य आहे आणि मला इथे बसून ते कळणार नाही. तुम्हालाही गृहीत धरून कळणार नाही. 'विकू का?' असं विचारलंत, तर तेच उत्तर परत मिळेल. त्याऐवजी तिला गाळ्यात घेऊन जा आणि सामान आवरायला मदत मागा. वही, अवजारं, फोटो यातलं काय ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या. गाडीचा विषय तीच काढेल. नाही काढला, तर तेही उत्तरच आहे.

एक काम मात्र विक्रीआधी कराच: जाळीवरचा तो अष्टकोनी बिल्ला काढून घ्या. एमजी हा चालू व्यापारचिन्ह असलेला ब्रँड आहे आणि आज त्या नावाच्या गाड्या आपल्याकडे शोरूममध्ये मिळतात. बिल्ला तसाच ठेवून विकलीत, तर पुढचा मालक तीच चौदा लाखांची गोष्ट तिसऱ्याला सांगेल. रिकाम्या जागी बाबांच्या वर्कशॉपचं नाव आणि '२०१९' कोरलेली पितळी पट्टी बसवून घ्या. भोसरीत हे काम एका दिवसात होतं.

जाहिरात मी लिहून देते, हवी तर उचला:

'विकणे आहे. एमजी टीडी या गाडीवरून पुण्यातल्या एका कारागिरानं २०१४ ते २०१९ या काळात हातानं बांधलेली प्रतिकृती. चेसिस व इंजिन मारुती जिप्सी १९९३, ९७० सीसी. बॉडी फायबरची. ही मूळ एमजी नाही. नोंदणी रद्द केली आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही. खाजगी जागेत मांडण्यासाठी. बांधणीचे फोटो, मापांची वही व बिलांच्या प्रती सोबत मिळतील. गाडी भोसरीत पाहता येईल.'

नोंदणी रद्द झाल्याशिवाय ही छापू नका. दलालाला हाच मजकूर पाठवा आणि यावर तो काम करायला तयार आहे का, ते विचारा. विक्रीच्या पावतीवरही हीच वाक्यं घाला आणि घेणाऱ्याची त्याखाली सही घ्या.

ज्यांचा गाळा नाही आणि बाबाही नाहीत, पण 'विंटेज ओपन कार, पुणे पासिंग, कागद क्लिअर' अशी जाहिरात वाचून ज्यांचा जीव वर-खाली होतोय, अशांचीही पत्रं मला येतात. त्यांच्यासाठी एवढंच, की रंगाकडे आणि चकचकीत दिव्यांकडे शेवटी बघा. आधी आरसी मागा आणि त्यावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे का ते पाहा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी ताडून बघा. खाली कुठली गाडी आहे ते विचारा. छप्पर कापलेली मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेली गाडी असेल, तर एका कोपऱ्याला जॅक लावून दार उघडा-मिटा. दार अडलं किंवा फट बदलली तर घरी या. फायबरला दारांच्या आणि बिजागऱ्यांच्या आसपास कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत का पाहा. आणि विक्रेता 'तुम्ही फक्त चालवा, कागदांचं आपण बघून घेऊ' म्हणाला, तर इसार देऊ नका. दिलेला इसार परत मिळवण्यावर मला सगळ्यात जास्त पत्रं येतात.

तुमचा गाळा कधी रिकामा करायचाय ते पत्रात नाही. आरटीओतलं काम लवकर उरकेल असं धरू नका. तोवर गाडी हलवावी लागली तर ती चालवत नेऊ नका, पहाटे रस्ता रिकामा असला तरी नाही. फ्लॅटबेडवर चढवून न्या, टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडवा आणि वर प्लॅस्टिक न टाकता सुती कापड टाका. बहिणीच्या सहीचे कागद मात्र आजच नाशिकला पाठवा, बाकी सगळं त्यानंतर सुरू होतं.